वर्षानुवर्षे रस्त्यावर राहणाऱ्यांना खोली द्यायची, की निवारा केंद्र पुरे?

शहापूरकर:
पाऊस लागला की बेळगावात निवारा केंद्राचा विषय निघतो आणि गणपतीपर्यंत विरून जातो. २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमाप्रमाणे १ लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारे एक कायमचे केंद्र हवे होते. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सुमारे ४ लाख ८८ हजार लोक होते, म्हणजे पाच केंद्रे तेव्हाच लागत होती. पण माझे म्हणणे त्यापुढचे आहे. हंगामी मजूर, दवाखान्यातल्या पेशंटचे नातेवाईक यांना केंद्र ठीक. दहा-पंधरा वर्षे स्टेशनबाहेर, सीबीटी बसस्थानकावर किंवा खडेबाजारातल्या दुकानांच्या पायरीवर झोपणाऱ्याला आतून कडी घालता येईल अशी खोली द्या. आधी खोली, दारू सोडणे आणि औषधपाणी नंतर. १९९२ मध्ये न्यूयॉर्कला सॅम सेम्बेरिस यांनी हेच सुरू केले, पुढे फिनलंडने ते सरकारी धोरण केले. पटते का?

उद्यमबाग:
नाही पटत. फाउंड्रीत बारा तास उभा राहणारा माणूस भाडे भरतो, डिपॉझिटसाठी सोसायटीतून कर्ज काढतो. प्रधानमंत्री आवासच्या भागीदारी घरकुलात केंद्र सरकारचे दीड लाख आणि राज्याचा वाटा मिळतो, उरलेली रक्कम त्याला स्वतः उभी करावी लागते. त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला फुकट किल्ली? गल्लीतले लोक काय म्हणतील ते ऐकायची तयारी ठेवा.

हिशेबी_अनगोळ:
दोघांनीही खर्चाचे आकडे घेतलेले नाहीत, म्हणून जरा लांब लिहितो.

निवारा केंद्रासाठी त्या अभियानाच्या मार्गदर्शक नियमात माणशी किमान ५० चौरस फूट होते, म्हणजे ५० जणांना २,५०० चौरस फूट. चालवायचा खर्च वर्षाला ६ लाख धरलेला. माणशी महिना १,००० रुपये झाले. आता तीन पाळ्यांना तीन माणसे, पगार १२ हजार धरू: वर्षाला ४ लाख ३२ हजार तिथेच संपले. उरले १ लाख ६८ हजार, म्हणजे माणशी महिना २८० रुपये. त्यात वीज, पाणी, फिनेल, चादरी धुणे, ढेकणांची फवारणी. साप्ताहिक सुटीला बदली माणूस यात नाहीच. मग काय होते? रात्रपाळीचा माणूस दहाला गेट बंद करून झोपतो. हॉटेलात भांडी घासणारा बाराला सुटतो, तो बाहेरच. पहाटे मार्केटात गाडी उतरवणाऱ्या हमालाला दुपारी झोप हवी असते, तेव्हा केंद्र झाडायला बंद. लॉकर नसतो, म्हणून गाठोडेवाला येत नाही. हातगाडी लावायला जागा नसते, म्हणून गाडीवाला येत नाही. आणि मग अहवालात लिहायचे, 'लाभार्थी केंद्रात येण्यास इच्छुक नाहीत'.

खोलीचा हिशेब: वडगाव-शहापूरकडे जुन्या घरातली खोली ४,००० धरा, दोघांत माणशी २,०००. दहा जणांमागे घरोघरी फिरणारा एक कार्यकर्ता, पगार १५ हजार, माणशी १,५००. एकूण साडेतीन हजार, म्हणजे निवारा केंद्राच्या साडेतीन पट. हे लपवून खोलीचा आग्रह धरू नये. माझे मत तरी खोलीच्याच बाजूने, पण फक्त जुनाट प्रकरणांसाठी. आणि फुकट नको. संध्या सुरक्षाचे, म्हणजे कर्नाटकच्या म्हातारपणाच्या पेन्शनचे, १,२०० मिळत असतील तर त्यातले ३० टक्के, ३६० रुपये, भाड्यात घ्या. परदेशातही साधारण हाच नियम आहे, उद्यमबाग यांचा निम्मा मुद्दा इथे निकालात निघतो.

टिळकवाडी_निवृत्त:
निम्मा निघाला, निम्मा राहिला. कॅनडात २००९ ते २०१३ पाच शहरांत सुमारे २,००० लोकांवर याची मोठी चाचणी झाली. शेवटच्या सहा महिन्यांत पूर्ण काळ घरात राहिलेले खोलीवाल्या गटात ६२ टक्के, नेहमीच्या सेवेत ३१. हा आकडा खोलीवाले सांगतात. पण मानसिक लक्षणे आणि व्यसन यांत एका गटापेक्षा दुसरा फारसा सरस ठरला नाही, हे कोण सांगणार? म्हणजे घर टिकले, पण आजाराला खोलीचा वेगळा फायदा नाही. आपल्याकडे बंद खोलीत तो आजार दिसेनासा होईल. रस्त्यावर निदान चहावाल्याला तरी कळते, दोन दिवस माणूस उठला नाही ते.

आणि कायदा आहेच. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम १००: भटकणारी व्यक्ती मानसिक आजारी आणि स्वतःची काळजी घ्यायला असमर्थ वाटली तर पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायची. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे. आधी उपचार करा की.

शहापूरकर:
सर, डिमहान्समधून सुटल्यावर कुठे? परत सीबीटीवरच. पायरीवर झोपणाऱ्याच्या गोळ्या पावसात भिजतात, नाहीतर पिशवीसकट चोरीला जातात. महिन्याचे इंजेक्शन द्यायला नर्सला माणूस सापडावा लागतो. पत्ता हासुद्धा उपचाराचाच भाग. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये समाजात राहण्याचा हक्क आहे, तोही वाचा. चेन्नईची 'द बॅनियन' संस्था बऱ्या होत आलेल्या बायकांना चार-पाच जणींच्या घरात वस्तीतच ठेवते, सोबत मदतनीस असते. एकटेपणाचे उत्तर त्यात आहे.

उद्यमबाग:
पैसा कुठला? तेवढे सांगा.

हिशेबी_अनगोळ:
घरपट्टीचे बिल काढून बघा. 'बेगर सेस' म्हणून ३ टक्के जातात, कर्नाटक भिक्षा प्रतिबंध कायदा १९७५ खाली. तो पैसा निराश्रितांच्या केंद्रांसाठी असतो, जिथे भीक मागणाऱ्या माणसाला धरून नेऊन वर्षापासून तीन वर्षांपर्यंत ठेवता येते. २०१० मध्ये बेंगळुरूच्या अशाच केंद्रात थोड्या दिवसांत अनेकांचे मृत्यू झाले, राज्यभर गाजले होते. धरून ठेवायला पैसा आहे, भाड्याला नाही. त्यासाठी कायद्यात बदल लागेल, नुसत्या ठरावाने होणार नाही.

वडगाव_काकू:
बायकांचे कुणी बोलेना! नवरा-बायको असतील तर पुरुष एका हॉलात, बाई दुसऱ्या हॉलात. ती येत नाही, मग तोही नाही. एकट्या बाईला तर आतून लागणारी कडी आणि संडासात उजेड, एवढे असले तरी पुष्कळ झाले.

निपाणी_सीमाभाग:
आपल्याकडची खरी अडचण कागदाची. माणूस चंदगडचा, पंधरा वर्षे बेळगावात हमाली. आधारवर पत्ता महाराष्ट्राचा. रेशन 'एक देश एक कार्ड'वर इथेही मिळते, पण पेन्शन राज्याची. संध्या सुरक्षाला कर्नाटकचा रहिवासी पुरावा, श्रावणबाळला महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य. दोन्हीकडून बाद, मग ते ३६० कुठून भरणार? यावर वाट म्हणजे मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाचे पत्र. ते आधारच्या पत्त्याला चालते. म्हणून भांडण खोली की केंद्र असे लावू नका. आधी केंद्रात नोंद, पत्र, आधार, बँक खाते, पेन्शनचा अर्ज. आणि फॉर्म कन्नडमध्ये असतो, तो मराठीत समजावून भरून देणारा माणूस बसवा, नाहीतर अंगठा कशावर उठवला ते त्यालाही कळायचे नाही.

टिळकवाडी_निवृत्त:
हा क्रम मला मान्य. पण खोल्या कणबर्गीकडे टोकाला दिल्यात तर फुकट जातील. रविवार पेठेतला पहाटेचा हमाल तिथून येणार कसा? महिन्याभरात खोली पोटभाड्याने देईल आणि दुकानाच्या पायरीवर परत.

शहापूरकर:
मान्य. खोली कामाच्या जागेपासून चालत अर्ध्या तासात हवी. करारनामा ११ महिन्यांचा आणि हे काम चालवणाऱ्या संस्थेच्या नावे, म्हणजे घरमालकाला भाड्याची खात्री. कर्नाटकच्या गृहज्योती योजनेची २०० युनिटपर्यंतची मोफत वीज हवी असेल तर राहणाऱ्याचे आधार मीटरच्या आर. आर. नंबरला, म्हणजे वीजजोडणीच्या क्रमांकाला, जोडावे लागते, ते पहिल्याच आठवड्यात करा.

उद्यमबाग:
आणि पालिकेकडून संस्थेचे बिल सहा महिने अडकले तर? घरमालक कुणाला बाहेर काढेल, संस्थेला की हमालाला?

हिशेबी_अनगोळ:
हमालाला. म्हणून सहा महिन्यांचे भाडे आधी वेगळ्या खात्यात टाकल्याशिवाय एकही किल्ली देऊ नये. तेवढा पैसा नसेल तर वीसऐवजी आठच खोल्या घ्या.