शेक चालू असताना हळदीच्या कॅप्सूल: द्याव्यात की नाही?

कृष्णाकाठ:
मावशीला स्तनाच्या कॅन्सरसाठी पंधरा शेक सांगितलेत (रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात). आज नववा झाला. काखेखालची कातडी काळवंडून सोलायला लागलीय. ब्लाउज सहन होत नाही, काकांचा जुना सुती शर्ट घालून बसते. मावसभावाने कर्क्युमिनच्या (हळदीतलं मुख्य द्रव्य) कॅप्सूल आणि गव्हांकुराची पावडर आणली, तर डॉक्टरांनी डबा हातातसुद्धा न घेता 'शेक संपेपर्यंत बंद' सांगून टाकलं. मला हे पटलेलं नाही. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन निघालं, यू झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल, दोन्ही कॅन्सरचीच औषधं. ती चालतात आणि हळद चालत नाही?

खडूस_फार्मासिस्ट:
सदाफुलीचा दाखला तुमच्यावरच उलटतो. तिची पानं चावून कुणी बरं होत नाही. त्यातलं एक द्रव्य वेगळं काढलं, आणि आता मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा 2 मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. डब्यातली पावडर तशी मोजलेली असते का?

दुसरं असं की शेकाचं निम्म्याहून जास्त काम पेशीतल्या पाण्यामुळे होतं. किरणांनी पाण्याचे रेणू फुटतात, त्यातून फ्री रॅडिकल (दिसेल त्याची मोडतोड करणारे कण) तयार होतात आणि ते गाठीचा डीएनए तोडतात. कर्क्युमिनसारखे अँटिऑक्सिडंट नेमके हेच रॅडिकल टिपतात. तुम्ही आग लावताय आणि मावसभाऊ बादली घेऊन उभा.

रानभाजी:
बादलीची उपमा छान, पण ती प्रयोगशाळेतली. पेट्रीडिशमध्ये कर्क्युमिनने कॅन्सरच्या पेशी किरणांना जास्त बळी पडतात असंही दिसलंय. माणसांवर म्हणाल तर 2013 मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला स्तनाच्या कॅन्सरच्या 30 रुग्णांवर चाचणी झाली. रोज 6 ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांची कातडी कमी सोलली.

खडूस_फार्मासिस्ट:
पुढचं पान का वाचलं नाहीत? त्याच गटाने 686 रुग्णांवर तोच 6 ग्रॅमचा डोस देऊन पाहिला, 2018 मध्ये निकाल आला. फरक पडला नाही. हळदीत कर्क्युमिन असतं जेमतेम तीन टक्के, म्हणजे 6 ग्रॅमसाठी रोज 200 ग्रॅम हळद. मिसळवाल्याच्या कटालाही एवढी लागत नसेल.

आणि कॅनडातल्या क्यूबेकचा अनुभव बघा. डोक्या-मानेच्या कॅन्सरचे 540 रुग्ण, शेकाबरोबर ई जीवनसत्त्व आणि सुरुवातीला बीटा कॅरोटीनही. त्रास थोडा कमी झाला, पण गाठ परत येण्याचं पारडं त्याच गटाकडे झुकलं. पुढे मृत्यूही त्यांच्यातच जास्त.

रानभाजी:
जीवनसत्त्वाच्या गोळीचा निकाल हळदीच्या माथी मारू नका. 'अँटिऑक्सिडंट' या शिक्क्यावरून काही ठरत नाही. द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल बघा, तेही अँटिऑक्सिडंटच. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलच्या संशोधकांनी त्यात तांबं मिसळलं, तर ते उलट ऑक्सिजनचे रॅडिकल तयार करतं. त्यांच्या कॅन्सरवरच्या गोळीचा सगळा डाव त्यावरच आहे.

खडूस_फार्मासिस्ट:
हो, 2024 मधली ती 'शंभर रुपयांची गोळी'. उंदीर आणि लहान चाचण्यांच्या बळावर टीव्हीवर आली, आणि इथल्याच डॉक्टरांनी घाई केली म्हणून टीका केली. शिक्क्याबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मान्य.

निवृत्त_सिस्टर:
तुम्ही दोघंही पोटातून देण्यावरच भांडताय. दुखतंय कातडीला. 2014 मध्ये मंगळूरला 50 रुग्णांवर हळद-चंदनाचं क्रीम लावून पाहिलं, बेबी ऑइलपेक्षा बरं निघालं. चाचणी लहान, आणि तुलना बेबी ऑइलशी, हे लक्षात ठेवा. फ्रान्समध्ये 254 बायकांवर कॅलेंड्युलाचं मलम चांगलं ठरलं. (कॅलेंड्युला म्हणजे आपला दसऱ्याचा झेंडू नव्हे, फुलं वाटून लावू नका.) कातडी उघडी पडली असेल तर घरचं काहीच नको, आणि शेकाला जाताना अंगावर मलमाचा जाड थर नको.

कृष्णाकाठ, डब्यावर मिरीचा अर्क लिहिलाय का ते बघा. कर्क्युमिन अंगी लागावं म्हणून घालतात, पण तो बाकीच्या औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतो.

कृष्णाकाठ:
पाहिलं. पिपरीन, म्हणजे मिरीतलंच द्रव्य, लिहिलंय, बारीक अक्षरात. मावशी रक्त पातळ होण्याची गोळी घेते, हे मावसभावाला ठाऊकच नव्हतं. कॅप्सूल कपाटात ठेवल्यात. पण डॉक्टरांनी डबा उलटा करून हेच दोन मिनिटांत सांगितलं असतं तर घरात तीन दिवस अबोला झाला नसता, हे माझं म्हणणं कायम आहे. उद्या दहाव्या शेकाला मलमाचं विचारतो.