जुन्या पेट्रोल गाडीत ओलं फडकं कशावर टाकायचे?

पाचोरेकर:
मंडळी एक विचारायचं होतं. ऐंशीच्या दशकात वडिलांकडे सेकंडहँड पेट्रोल गाडी होती, गिअरची दांडी स्टेअरिंगलाच, पुढे सलग सीट. मे महिन्यात लग्नांना चाळीसगावकडून कन्नड घाट चढायचो तर निम्म्या घाटात ती हमखास बंद. मग वडील बॉनेट उघडणार, छागलीतलं (कॅनव्हासच्या पाण्याच्या पिशवीतलं) पाणी फडक्यावर ओतणार, ते इंजिनच्या बाजूला कुठेतरी गुंडाळणार, आम्ही पोरं कठड्यावर बसून शेवचिवडा खाणार आणि थोड्या वेळानं गाडी चालू, जसं काही झालंच नाही. रेडिएटर उकळलेला नसायचा, पेट्रोल असायचं, बॅटरी ठणठणीत. मग ते फडकं कशावर नि कशासाठी? अजून कोणाला त्या गाड्यांचं काय आठवतं तेही लिहा.

गॅरेजवाला_धुळे:
भाऊ ते फडकं एसी पंपावर, म्हणजे पेट्रोलच्या पंपावर, गार हवेच्या एसीशी संबंध नाही. पेट्रोलचा पंप तेव्हा इंजिनलाच बोल्ट केलेला असायचा, इंजिनच्या कॅमवर चालणारा, आत डायफ्राम म्हणजे वरखाली होणारा लवचिक पडदा. टाकी मागे, म्हणजे लांबून ओढायचं, आणि ओढताना लाइनीत दाब कमी होतो त्यामुळे पेट्रोल अजून लवकर उकळतं. त्यातले हलके घटक तसेही ४० अंशांच्या आसपास उकळायला लागतात, आपल्याकडे मेमध्ये नुसती हवाच ४४-४५, त्यात घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, समोरून वारा नाही, बॉनेटखाली नुसती भट्टी. लाइनीत वाफ धरली की डायफ्राम वाफच दाबत बसतो, कार्बुरेटरला, म्हणजे पेट्रोल नि हवा मिसळणाऱ्या भागाला, थेंब जात नाही. हाच व्हेपर लॉक. पंप गार झाला की वाफेचं परत पेट्रोल होतं नि गाडी सुरू. आता पंप टाकीतच बुडालेला असतो, तिथून दाबानं ढकलतो, म्हणून नव्या पोरांना हे माहीतच नाही. आमचे वस्ताद गिऱ्हाईकाला बजावायचे, "दुपारना घाट चढू नको रे भो."

यावलची_ताई:
छागल!! किती वर्षांनी हा शब्द वाचला. बंपरला बांधलेली असायची, कॅनव्हासमधून पाणी झिरपायचं नि वाऱ्यानं आतलं पाणी गारेगार, फक्त त्याला कापडाचा वास यायचा. आमच्याकडे पद्मिनी होती, गिअर वर असल्यामुळे पुढे तिघं आरामात, मधली जागा माझी. दाराची ती छोटी त्रिकोणी काच पूर्ण उलटी फिरवली की वारा थेट तोंडावर. पण मेमध्ये कसला वारा, झळाच! मग आई ओला टॉवेल खिडकीच्या काचेत अडकवायची, चोपडा येईपर्यंत तो वाळून कडक.

भुसावळी:
ताई तुम्ही मधल्या सीटवर होतात म्हणून गोड आठवणी, चालवणाऱ्याला विचारा. थंडीत इंजिनला पेट्रोल जास्त मिळावं म्हणून चोक ओढा, जरा जास्त ओढला की प्लग ओले, पेट्रोलचा भपकारा आणि मग गल्लीतल्या सगळ्यांना धक्का मारायला बोलवा. हेडलाइट खाली करायचं डिपरचं बटण क्लचच्या बाजूला खाली पत्र्यावर, समोरून ट्रक आला की डाव्या पायानं दाबायचं, आणि क्लचही त्याच पायाचा, वळणावर दोन्ही एकदम आलं तर काय करणार सांगा. पॉवर स्टेअरिंग नाही, पार्किंग करताना दंड भरून यायचे. २००० च्या सुमाराला कार्बुरेटर गेला नि इंजेक्शन आलं ते फार बरं झालं.

शिरपूरकर:
आम्ही डिझेल अँबेसिडरवाले, १४८९ सीसी, व्हेपर लॉकचा प्रश्नच नाही. पण टाकी कोरडी झाली की संपलं, लाइनीत एअर, मग हातपंप मारत नट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढत बसा, हात डिझेलनं बरबटलेले. सकाळी आधी इंजिन तापवायचा हीटर, मग स्टार्टर. आणि पुढून हँडल घालून हातानं इंजिन फिरवायची वेळ आलीच तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला वेढा द्यायचा नाही, इंजिननं उलटा झटका दिला तर अंगठा गेलाच. हे आम्हाला गाडी शिकायच्या आधी शिकवलं होतं. २०१४ला तिचं उत्पादन बंद झालं तेव्हा काका दोन दिवस नीट बोलले नाहीत.

पाचोरेकर:
वा, मस्त माहिती. गॅरेजवाले भाऊ अजून एक, वडील फडकं टाकल्यावर मागे जाऊन टाकीचं झाकणपण उघडायचे, फुस्स आवाज यायचा. ते काय?

गॅरेजवाला_धुळे:
झाकणाला बारीक भोक असतं हवेसाठी. आपल्या धुळीनं ते बुजलं की पेट्रोल जसं कमी होईल तसा टाकीत व्हॅक्यूम, पंपाला ओढायला अजून जड. फुस्स म्हणजे हवा आत शिरली. सुईनं भोक साफ करायचं. जुनी गाडी असेल कोणाकडे तर आजच बघून घ्या, ऊन सुरू झालंय.