वाढदिवस, जन्मशताब्दी की उपकारस्तुती?

(सोलापूरकरांच्या गप्पा; बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या शहरातल्या भागांवरून.)

सात रस्ता :
येत्या जानेवारीत आमच्या आजीला शंभर वर्षं होतील. म्हणजे असती तर. तिला जाऊन बराच काळ लोटला. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत सगळ्या नातलगांनी सोलापुरात जमायचं ठरलंय आणि पत्रिकेवर काय छापायचं यावरून घरात जुंपली आहे. मोठ्या मामांना 'जन्मशताब्दी' हवं. मावशी म्हणते, शताब्दी पुढाऱ्यांची नाहीतर संस्थांची, आपली आई काय पतपेढी होती का? पुण्याचा मामेभाऊ तर ग्रुपवर 'शंभरावा वाढदिवस' टाकून मोकळाही झाला. माझ्या कानाला ते खटकतं. माणूस हयात नसताना वाढदिवस म्हणतात का?

घर ख्रिस्ती आहे, हे सांगायला हवं, कारण मामींनी तिसराच शब्द काढलाय : उपकारस्तुती.

जुळे सोलापूर :
वाढ चालू आहे तोवर वाढदिवस. माणूस गेला की जयंती. विषय संपला. आणि काहीही छापा, पण 'अभिष्टचिंतन' तेवढं छापू नका. अभि अधिक इष्ट, म्हणजे भी दीर्घ. विजापूर रोडवरच्या फ्लेक्सवर भाऊ-दादांचे हात जोडलेले फोटो आणि खाली ऱ्हस्व भि, रोज बघून डोळे दुखतात.

रेल्वे लाइन्स :
विषय इतक्यात कसा संपेल? जयंती शिवरायांची, बाबासाहेबांची. घरच्या आजीची जयंती म्हटलं की फोटोला हार, मागे माईक आणि पाहुण्यांचा परिचय आलाच. जयंतीला गर्दी लागते. शिवाय आकड्यांचंही बघा. नव्याण्णव पूर्ण झाली की शंभरावं वर्ष लागतं, आणि 'जन्मशताब्दी वर्ष' तिथूनच धरतात. शंभर पूर्ण झाली की सांगता. तेव्हा मामांना आधी विचारा, येत्या जानेवारीत आजींचं शंभरावं लागतंय की भरतंय?

आता मामींचा शब्द. बाहेरच्यांना तो जड वाटतो, पण आम्हा ख्रिस्ती मंडळींत रोजच्या वापरातला आहे. बाळ वर्षाचं झालं, घर बांधलं, ऑपरेशन नीट पार पडलं, की घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतात. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, येतात, दोन गीतं, एक वचन, मग चहा-चिवडा. उपकार देवाचे, स्तुती त्याची. हिंदू घरात साठीशांत करतात, आपल्याकडे साठीला उपकारस्तुती. यात ज्याचा वाढदिवस तो मधे नसतो, बाजूच्या खुर्चीत बसलेला असतो. म्हणून तो हयात आहे की नाही यावर शब्द अडत नाही.

आणि वाढदिवसाचं म्हणाल, तर पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, साजरे झालेले वाढदिवस ठळकपणे दोनच. एक उत्पत्तीच्या ४०व्या अध्यायात मिसरच्या राजाचा, फारोचा, दुसरा शुभवर्तमानात हेरोद राजाचा. पहिल्यात आचाऱ्याला फाशी, दुसऱ्यात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर तबकात. तिसऱ्या शतकातला ओरिगेन नावाचा धर्मपंडित यावरूनच लिहून गेला की जन्मदिवसाची मेजवानी पाप्यांनी केली, संतांनी नाही. आजही यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक वाढदिवस करत नाहीत. मला हे मत टोकाचं वाटतं. दोष वाढदिवसाचा कसा? पंगतीला कोण बसलं होतं ते पाहा.

भद्रावती पेठ :
आमच्या तेलुगू घरात पुट्टिनरोजु, म्हणजे सरळ जन्मलेला दिवस. शेजारी कानडी काकू हुट्टुहब्ब म्हणतात, त्यात हब्ब म्हणजे सण. या तिघांत वाढ फक्त मराठीत आहे. वय झालेल्या माणसाला 'वाढ' दिवस म्हणणं लहानपणी मला गंमतीचं वाटायचं, आमचे तात्या तर दर वर्षी आखडत चालले होते.

सात रस्ता :
आमच्या आजीकडे या 'वाढ'चं वेगळंच उत्तर होतं. वाढायचं ते पानात, असं म्हणायची. तिच्या वाढदिवशी केक नसायचा. पहाटेपासून शेंगापोळ्या. दाण्याचं कूट आणि गूळ पाट्यावर एकजीव करायचा, पोळी लाटताना कडेपर्यंत सारण गेलं नाही तर नातसुनेला ती परत लाटायला लावायची. पहिल्या पोळ्या शेजारच्या घरी, मग पेपरवाला, मग आम्ही. ती स्वतः सगळ्यांच्या मागून बसायची. औक्षण नव्हतं, पण डोक्यावर हात ठेवून प्रार्थना व्हायची, आणि ती लांबली की आजोबा खाकरायचे.

रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वाढदिवसाच्या पेटीत वयाइतकी नाणी टाकायची पद्धत होती. आम्हा पोरांची सुटायची पटकन. आजी एकेक नाणं टाकायची, खण्ण आवाज होऊ द्यायची आणि ओठांत काहीतरी पुटपुटायची. मागे रांग तुंबायची. मावशीने एकदा विचारलं, तर म्हणाली, प्रत्येक वर्षाचं काहीतरी आठवायला नको का?

गंमत म्हणजे तारीख कोणाला नक्की माहीत नव्हती. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावली, तेव्हाची अर्धी पोरं १ जूनचीच. तिच्या आईचं म्हणणं, ज्वारी हुरड्यात होती आणि गड्डा तोंडावर आला होता. म्हणून घरात जानेवारी. सरकारी वाढदिवसाला तिने कधी दाणासुद्धा भाजला नाही. तेव्हा रेल्वे लाइन्सकाका, शंभरावं लागतंय की भरतंय, हा हिशेब मामांनाही जमणार नाही.

रेल्वे लाइन्स :
नाणं टाकता टाकता आजी जे करत होत्या, त्याला बायबलातल्या स्तोत्रसंहितेतला शब्द आहे : उपकारस्मरण. १३६व्या स्तोत्राची सुरुवातच त्याने होते, आणि पुढे एकेक उपकार मोजून सांगितलाय. ९०व्या स्तोत्रात तर दिवस गणायला शिकव अशी मागणी आहे. तिथेच आयुष्याचा अंदाज सत्तर, शक्ती असली तर ऐंशी, असा दिलाय. सहस्रचंद्रदर्शनाच्या हजार पौर्णिमाही ऐंशी वर्षं नि वर काही महिन्यांत भरतात. दोन्हीकडच्या जुन्या माणसांचा अंदाज जवळपास जुळला म्हणायचा.

आणखी एक. आद्य ख्रिस्ती मंडळी हुतात्म्याच्या मरणदिवसालाच त्याचा जन्मदिवस म्हणत. लॅटिनमध्ये नातालिस. तोच शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि नाताळ झाला. म्हणजे गेलेल्या माणसाचा जन्मदिवस, ही कल्पना आपल्याला परकी नाही. फक्त ती 'वाढदिवस' या शब्दात मावत नाही.

जुळे सोलापूर :
मान्य. जयंती मागे घेतो. पण नुसतं 'उपकारस्तुती' छापलंत तर आमच्यासारख्या पाहुण्यांना कळायचं कसं, आहेर आणायचा की हार?

सात रस्ता :
दोन्ही नको, जेवायला या. मामींचा मसुदा असा : 'आमच्या आईच्या जन्माला शंभर वर्षं होत आहेत, त्यानिमित्त उपकारस्तुती व प्रीतिभोजन'. 'शंभरावा' हा शब्दच नाही, त्यामुळे हिशेबही टळला. मामा 'जन्मशताब्दी' बॅनरवर घालून घेणार आहेत, घालू देत. आता छापखानेवाला विचारतोय, स्तुतिचं ति कोणतं?

जुळे सोलापूर :
सुटा किंवा शेवटी आला तर दीर्घ : स्तुती, उपकारस्तुती. पुढे शब्द जोडला तर ऱ्हस्व : स्तुतिगीत, उपकारस्तुतिसभा. 'उपकारस्तुतीची सभा' असं तोडून लिहिलंत तर पुन्हा दीर्घ. प्रीतिभोजनातला ति ऱ्हस्वच, तो मामींनी बरोबर लिहिलाय. प्रूफ मला दाखवल्याशिवाय छापू नका.