मदत हवी आहे: आजी-नातीने मिळून वाचायला मोठ्या टायपातली मराठी पुस्तकं

मुलगी ९ वर्षांची, चौथीत. घरात आम्ही कोंकणी बोलतो. मराठी वाचते, पण जोडाक्षर आलं की बोट तिथंच थांबतं. काल 'उत्कृष्ट'पाशी अडली आणि पुस्तक मिटून बसली. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत तिने आजीसोबत रोज एक गोष्ट वाचायची ठरवलीय. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बारीक टाईप झेपत नाही.

पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातून (१८३२ पासूनचं, फार जिव्हाळ्याची जागा) राजा-राणीच्या गोष्टी आणल्या. तिला त्या रुचल्या नाहीत. मासे, पक्षी, होडी हवी. मोबाईलवरचं नको. आम्ही वाळपईचे, पणजीला महिन्यातून एकदाच जाणं होतं, म्हणून नावं लिहून नेईन. चार-पाच पानांत संपणाऱ्या, मोठ्या अक्षरांतल्या अशा गोष्टींची कोणती पुस्तकं तुमच्या मुलांनी आवडीने वाचली?