हीट-सेट ऑइल रंग भाजूनही चिकटच राहतो, मदत हवी आहे

विनाइलच्या बाहुलीचं डोकं आणि हातपाय हीट-सेट ऑइल रंगांनी रंगवते आहे. ओव्हन १३० अंश सेल्सिअसवर लावून प्रत्येक थर ८ मिनिटं भाजला. पहिले दोन थर नीट बसले. तिसऱ्या थराला मात्र गालांवर आणि कानामागे चिकटपणा आहे, बोट लावलं की ठसा उमटतो. हातांवर मधेच चकाकणारे डागही आलेत. तिसऱ्या थराच्या वेळी थिनर संपलं होतं, म्हणून रंग जवसाच्या तेलाने पातळ केला. आता वेळ वाढवू की तापमान? हेअर ड्रायर फिरवून काम होईल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

उत्तर १

दोन्ही वाढवू नका. चिकटपणाचं कारण जवसाचं तेल आहे.

नेहमीच्या ऑइल रंगातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्याला कित्येक दिवस लागतात. हीट-सेट रंगात असं सुकणारं तेल नसतंच. त्यात रेझिन असतं, ते पुरेसं तापलं की एकजीव होऊन त्याचा पापुद्रा बनतो. म्हणून हा रंग पॅलेटवर धूळ न लागू देता झाकून ठेवला तर कित्येक आठवडे ओला राहतो, आणि १३० अंशांना काही मिनिटांत पक्का होतो. त्यात मिसळलेलं जवसाचं तेल मात्र ८ मिनिटांत सुकत नाही, आणि रंगालाही नीट जुळू देत नाही. पातळ करायला बिनवासाचं थिनर किंवा याच रंगांसाठीचं मीडियमच वापरा.

आता तिसरा थर काढावा लागेल. सुती कापडाला थोडं थिनर लावून हलक्या हाताने पुसा. खालचे दोन थर पक्के असतील तर ते जागचे हलणार नाहीत. तेही निघू लागले तर ते कच्चेच होते असं समजा, आणि विनाइलपर्यंत साफ करा. मग सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं होऊ द्या.

नवा थर दुधाइतका पातळ हवा. ब्रशने लावल्यावर लगेच मेकअपच्या कोरड्या स्पंजने थोपटत जा. कानाच्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यात रंग साचतो, तिथे स्पंजचं टोक घालून तो टिपून घ्या. जाड थर वरून पक्का दिसतो आणि आत कच्चा राहतो, त्यामुळे एका जाड थरापेक्षा पाच पातळ थर केव्हाही बरे. भाजण्याआधी थिनर उडून जाऊ द्या. त्याची वाफ पेट घेते, ओलं काम थेट ओव्हनमध्ये घालणं धोक्याचं आहे.

उत्तर २

वरचं सगळं बरोबर, पण ओव्हनही तपासा. बटणावरचा १३० हा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत बरीच तफावत असू शकते, छोट्या ओव्हनमध्ये तर हमखास. वेगळा ओव्हन थर्मामीटर घ्या आणि बाहुलीच्या भागाच्या उंचीवरच ठेवा. ओव्हन आधी रिकामा तापवा. दार उघडलं की उष्णता पडते, म्हणून काटा पुन्हा १३० वर आल्यावरच ८ मिनिटं मोजायला लागा.

हातांवरचे डाग कापसाच्या काडीला थिनर लावून घासून बघा. काडीला रंग लागला तर तो कच्चा आहे. काडी स्वच्छ राहिली आणि चकाकी तशीच असली, तर तिथे विनाइल जास्त तापलंय, बहुधा तो भाग गरम कॉइलच्या जवळ होता. ती चकाकी भाजून जात नाही. वर मॅट वार्निशचा पातळ थर देऊन तो भाजला की झाकली जाते.

तापलेलं विनाइल मऊ असतं. भाग जाड सुती टॉवेलवर ठेवा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका, नाहीतर बोटांचे ठसे विनाइलमध्येच बसतात.

हेअर ड्रायर नको, तो रंगाला इतकं तापवत नाही. हीट गन चालते, पण सतत फिरती ठेवा आणि फक्त छोट्या दुरुस्तीपुरती.

प्रश्नकर्ती

काडीला गालांवरचा रंग लागला, हातांवरचा नाही. म्हणजे दोन वेगळे दोष आहेत तर. हाच ओव्हन नंतर स्वयंपाकाला वापरला तर चालेल का?

उत्तर १

नको. रंगाची आणि विनाइलची वाफ आतल्या भिंतींवर बसते. या कामाला वेगळा ओव्हन ठेवा, आणि भाजताना खिडकी उघडी ठेवून पंखा बाहेरच्या दिशेने लावा. हातांना आत्ताच वार्निश देऊ नका. शिरा, नखं, लाली सगळं रंगवून भाजून झालं की मगच शेवटी द्या.