नील यंगच्या किती जवळ जायचं?

रानवारा: कॅनडाचा गायक-गिटारवादक नील यंग, त्याच्या मैफलींवर दिग्दर्शक जोनाथन डेमीने तीन चित्रपट केले. त्यातला 'जर्नीज' काल परत पाहिला. टोरंटोचा मॅसी हॉल, मे २०११, रंगमंचावर हा एकटाच. काही गाण्यांत कॅमेरा चक्क माइकपाशी लावलाय. दाढीचे पांढरे खुंट, दात, आणि एकदा थुंकीचा थेंब थेट काचेवर. डेमीने तो काढला नाही. पासष्टीतला माणूस वरचा स्वर कसा ओढून आणतो, हे मला पहिल्यांदा *दिसलं*. मैफल टिपावी तर अशी.

खर्ज: साफ असहमत. हनुवटी मोठी दिसली म्हणून माणूस जवळ येत नाही. याच जोडीचा २००६चा 'हार्ट ऑफ गोल्ड' बघा. नॅशव्हिलचं रायमन, मुळात प्रार्थनेसाठी बांधलेलं सभागृह. २००५ मध्ये यंगच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा निघाला, त्यावर उपचार झाले, जूनमध्ये वडील गेले आणि ऑगस्टमध्ये हा तिथे गायला उभा! 'हार्वेस्ट मून'ला एकजण तालासाठी झाडू फिरवतो, त्याची खरखर कानात राहते. हँक विल्यम्सची जुनी गिटार हातात घेऊन गिटारीवरचंच गाणं गातो. आणि शेवटी रिकाम्या बाकांसमोर एकटा. जवळीक म्हणतात ती ही.

रानवारा: रिकाम्या बाकांपाशी मीही गलबललो. पण त्याआधी भोवती अख्खा ताफा, सोनेरी उजेड, मागे पडदे. सुंदर आहे, पण सजवलेलं आहे. मॅसी हॉलमध्ये त्याला आडोसाच नाही.

पायरी: 'ओहायो'बद्दल कुणीच बोललं नाही? ४ मे १९७० ला अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या (राज्याच्या राखीव सैन्याच्या) गोळीबारात चार विद्यार्थी मेले, त्यावरचं हे गाणं. 'जर्नीज'मध्ये गाण्याबरोबर त्या चौघांचे फोटो येतात. मला खटकलं. एकटा माणूस इतक्या तिडकीने गात असताना चित्रं कशाला? गळ्यावर भरवसा ठेवायचा.

रानवारा: मला चार हा आकडा पाठ होता, चेहरे माहीत नव्हते. फोटो आले तेव्हा कळलं, किती कोवळी पोरं होती.

खर्ज: फोटोंबाबत रानवाराशी सहमत. ती नावं-चेहरे पुन्हा समोर यायलाच हवेत. माइकच्या कॅमेऱ्याबाबत मात्र नाही. काचेवर तो थेंब आला आणि पुढचं सगळं गाणं मी थेंबच बघत बसलो.