ऑनलाइन लिलावातल्या 'ऐतिहासिक' तलवारी, पदकं, दुर्बिणी : तुम्ही कुठे फसलात?

मूठमोडका
काल खंडेनवमीची पूजा मांडायला माळ्यावरून ती तलवार काढली आणि सगळं परत आठवलं. सहा वर्षं झाली, अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही, बायको सोडून, आणि ती दर वर्षी सांगते. म्हटलं धागाच काढू, नवीन गोळा करणारे तरी वाचतील.

ऑनलाइन लिलाव होता. 'पानिपत 1761, मराठा सरदाराची धोप, जुन्या वाड्यातून'. फोटो सगळे अंधारातले. शेवटची चार मिनिटं उरलेली, समोरचा एक जण हजारहजाराने वाढवतोय आणि मी ऑफिसच्या बाथरूममध्ये उभा राहून बोली लावतोय. 38 हजारांना सुटली. (तो समोरचा बहुधा विकणाऱ्याचाच माणूस, त्याच्या प्रत्येक लिलावात तोच दुसरा यायचा, हे नंतर बघितलं.)

खोकं उघडलं तर व्हिनेगरचा भपकारा (नव्या पात्याला झटपट गंज आणून जुनं दाखवायला ते लावतात, हे आता कळतं). बायको म्हणाली लोणच्याची बरणी फुटली का कुणाची. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही! चार महिन्यांनी मूठ हलायला लागली. जुन्या तलवारीत पात्याचं मागचं टोक मुठीत लाख, राळ असलं काहीतरी भरून बसवलेलं असतं, ते गरम केलं की मऊ पडतं. मी हेअर ड्रायर धरला अर्धा तास, ढिम्म. मग खरवडलं. आतून एम-सील. नळ गळला की लावतो ते. त्यानंतर भिंगाने पात्याचा गंज बघितला, वरवर एकसारखा नारिंगी आणि त्याच्याखाली ग्राइंडरचे गोल गोल ओरखडे.

सगळ्यात मोठा विनोद म्हणजे धोप सरळ पात्याची असते. ही चांगली वाकडी आहे. आणि मी स्वतःला इतिहासप्रेमी म्हणवतो.

आई म्हणते शस्त्र ते शस्त्र, हळदकुंकू वाहायचं. वाहिलं.

झेंडूची_माळ
पानिपतावर एम-सील 😂😂 चहा नाकातून आला. तोरण लावून येते मग माझं लिहिते

कुटचा_पणतू
पदकांचं लिहितो, थोडं लांबेल. पणजोबा 117 मराठा पलटणीत, पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुटच्या वेढ्यात होते, 29 एप्रिल 1916 ला सगळ्यांबरोबर कैद झाले आणि तरी जिवंत परत आले. दोन पदकं होती, एक चांदीचं एक ब्राँझचं. चांदीचं आजीने 72 च्या दुष्काळात सोनाराला दिलं, चांदीच्या भावाने. तिने कधी लपवलं नाही, चार पोरं होती घरात.

मी वीस वर्षं तसलं पदक शोधतोय. मागल्या वर्षी एका लिलावात दिसलं, 117 मराठा, आणि आडनाव आमचंच!! हात थरथरत होते बोली लावताना. आल्यावर कड बघितली. पहिल्या महायुद्धाच्या या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण हे सगळं ठशाने ठोकलेलं असतं, कोरलेलं नसतं. माझ्यावरची अक्षरं सुईने ओरखडल्यासारखी. व्हर्नियर कॅलिपरने व्यास मोजला, 36 मिमी भरायला हवं ते 35.4 भरलं. म्हणजे पदक खरं, चांदी खरी, कडेवरचं जुनं नाव घासून काढलंय आणि मराठा पलटणीला भाव जास्त म्हणून नवीन घातलंय.

पैशाचं जाऊ दे. पण ते कुणाच्या तरी पणजोबाचं नाव होतं ना. ते आता कुणालाच कळणार नाही.

मूठमोडका
दादा 🙏 परत दिलंत का?

कुटचा_पणतू
नाही. ठेवलंय. परत दिलं तर तो पुन्हा विकेल.

साताऱ्याची_सून
अंगावर काटा आला. माझं माहेर अपशिंगे मिलिटरीजवळ, त्या एका गावातून पहिल्या महायुद्धात 46 जण गेलेले परत आले नाहीत. तिकडे एका घरात मी पदक देव्हाऱ्यात बघितलंय, बाळकृष्णाच्या शेजारी. काकूंनी चिंच आणि मीठ लावून इतकं घासलं होतं की पदकावरच्या राजाचं नाक गेलेलं 🤦‍♀️ आता घासू नका म्हणायची हिंमत झाली नाही.

झेंडूची_माळ
अगं आमच्याकडे पण दिवाळीच्या आधी दिसेल ते पितळ घासतात. बाय द वे चक्का कुणी घरी बांधला का, माझा अजून पाणी सोडतोय

साताऱ्याची_सून
रात्रभर टांगायचा गं. आता वरून वजन ठेव

दर्यावर्दी_रत्नागिरी
30 वर्षं जहाजावर होतो तरी फसलो, ऐका. निवृत्तीनंतर हौस म्हणून पितळी सेक्स्टंट (क्षितिजापासून सूर्यताऱ्यांची उंची मोजायचं जहाजावरचं यंत्र) घेतला, 'पहिल्या महायुद्धात नौदलाने वापरलेला', वर कोरलेलं केल्विन अँड ह्यूजेस लंडन 1917. मुलाला दाखवला, तो पण जहाजावरच, त्याने मोबाईलमध्ये बघून सांगितलं बाबा केल्विनवाले आणि ह्यूजेसवाले 1947 ला एक झाले. लग्न 47 ला आणि बारसं 17 ला! आरशातून क्षितिज बघितलं तर दोन दिसतात. असल्या पितळी वस्तू रुरकी, मुरादाबादकडे शोभेच्या म्हणून बनतात, त्यात काही वाईट नाही, चांगली कारागिरी असते. 1917 सांगून दहापट पैसे घेतो तो चोर.

स्टुटगार्टचा_बंड्या
इकडे जुन्या बाजारात आयर्न क्रॉस (जर्मन लष्करी पदक) ढिगाने मिळतात. मी खिशात लोहचुंबक घेऊन फिरतो. 1914 चा खरा असेल तर मधला भाग लोखंडी आणि त्याभोवती चांदीची चौकट, जोड दिसतो कडेला. नकली बरेचदा एकसंध ओतीव, वर काळा रंग. चुंबक चिकटला म्हणजे खरा असं नाही, पण नाही चिकटला की मी चालायला लागतो. आणि ते रिबनला यूव्ही टॉर्च लावायचं पण शिका, निळं चमकलं तर दोरा नवा.

कुटचा_पणतू
बंड्या, यूव्हीचं जपून हं. आमचं घरचं दुसरं पदक, जे शंभर टक्के खरं आहे, त्याची रिबन ट्यूबलाइटसारखी चमकली. दोन दिवस झोप नाही. मग आत्या म्हणाली मळकी दिसत होती म्हणून मीच वॉशिंग पावडरमध्ये भिजवली होती.

झेंडूची_माळ
आत्या 😭😭

काळा_कोट
कोर्टातून टाइप करतोय, थोडक्यात. 1972 चा पुरावशेष कायदा आहे, शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, विकणाऱ्याला परवाना लागतो. तेव्हा 'अस्सल शिवकालीन, जगात कुठेही कुरिअर' असं लिहिलेलं दिसलं तर तो एक तर थापा मारतोय नाहीतर गुन्हा करतोय. सरळ परवाना नंबर विचारा, बहुतेक ब्लॉकच करतात.

पेठेतला_रिकामा
मला परवा वाघनखं आली, 'सर्टिफिकेटसकट' 4500 रुपये, दोन घेतली तर डिलिव्हरी फ्री. अहो 2024 ला लंडनहून साताऱ्याला आली ती अफझलखानाच्या वेळचीच का हे खुद्द लंडनचं संग्रहालयसुद्धा छातीठोकपणे सांगत नाही, आणि हा दोनावर फ्री डिलिव्हरी देतोय. मी आपला दर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जातो, वस्तू हातात घेतो, वास घेतो, ठेवून देतो. खर्च चहाचा.

झेंडूची_माळ
माझा अनुभव लिहायचा राहिलाच, सासऱ्यांना कुणीतरी तांदूळ स्वतःकडे ओढणारं 'चमत्कारी' कंपनी सरकारचं नाणं विकलं होतं, पण ते मिलिटरी नाही ना. आणि पाहुणे आले.

मूठमोडका दादा, एक विचारू का. मुलाच्या शाळेत गॅदरिंगला प्रतापगडचा प्रसंग आहे, पुठ्ठ्याची तलवार मागच्या वेळी मधेच मोडली. दोन दिवस देता का तुमची?

मूठमोडका
धार काय नाही तिला, खुशाल न्या. फक्त मुठीला धरून म्यानातून जोरात ओढू नका म्हणावं, नुसती मूठच हातात येते.